स्पॅनिश रेगे-रॉकमध्ये एवढं काय आहे? भाषा येत नसेल तर ऐकायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की 'देस्पासितो' आवडलं, पण स्पॅनिश रेगे-रॉकची एवढी वाहवा का होते ते कळत नाही, आणि शब्दही कळत नाहीत.

आधी नावांचा घोळ सोडवू. 'देस्पासितो' (२०१७) रेगेतॉनच्या ठेक्यावर आहे. त्याचं मूळही रेगेसारखंच जमैकाचं, पण वाट पनामावरून गेलेली. पनामा कालवा खणायला आलेल्या वेस्ट इंडियन मजुरांच्या पुढच्या पिढ्या जमैकाची गाणी स्पॅनिशमध्ये गाऊ लागल्या, त्यातून ती शाखा फुटली. तिथे ठेका बहुतेक यंत्राचा असतो. तुम्ही ज्याबद्दल विचारताय ते घराणं निराळं आहे: हाताने वाजवणारे, ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले बँड. ब्युनोस आयर्सचे लॉस फाबुलोसोस कॅडिलॅक्स, मेक्सिको सिटीचे माल्दिता वेसिनदाद आणि काराकासचे देसोर्देन पुब्लिको हे तिन्ही १९८५चेच.

आता मुख्य गोष्ट. केरव्याच्या आठ मात्रा मोजा: धा गे न ती, न क धी न. टाळी १ वर (ती सम), 'खाली', म्हणजे टाळीविना मोजायची मात्रा, ५ वर. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात पायाचा मोठा ड्रम आणि स्नेअरच्या (काड्यांनी वाजवायच्या छोट्या ड्रमच्या) कडेवरची टिचकी, दोन्ही एकदम ५ वर पडतात. १ वर ड्रम गप्प. गिटारचा तुटक कॉर्ड (एकदम छेडलेले काही सूर) ३ आणि ७ वर. थोडक्यात सम मोकळी आणि सगळा भार 'खाली'च्या मात्रेवर. आपला कान समेची वाट बघतो आणि तिथे काहीच येत नाही. ते झुलणं तिथून येतं. साध्या रॉकमध्ये पायाचा ड्रम १ आणि ५ वर, स्नेअर ३ आणि ७ वर. आता बघा, रेगेत गिटार जिथे येते, नेमका तिथेच रॉकमध्ये स्नेअर येतो. म्हणून हे बँड लय मुळीच न बदलता एका आवर्तनात रेगेतून रॉकमध्ये उडी मारू शकतात. आठ मात्रांचं आवर्तन साधारण दीड ते पावणेदोन सेकंदांचं धरा. कडवं डुलत जातं, ध्रुपदाला ड्रमर स्नेअर ५ वरून उचलून ३ आणि ७ वर नेतो, आणि वेग तोच असून गाणं दुप्पट धावतंय असं वाटतं. माझ्या मते या संगीताची निम्मी नशा या एका जागेत आहे.

उरलेली निम्मी भाषेत आणि गल्लीत. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच आणि स्वच्छ, आपल्या आ, ए, इ, ओ, उ च्या जवळचे. शब्द बहुधा स्वरात संपतात, आघात बहुतेक शेवटून दुसऱ्या अक्षरावर. त्यामुळे ओळीचं शेवटचं हलकं अक्षर अलगद मोकळ्या जागेत जाऊन पडतं. शिवाय एका शब्दाचा शेवटचा स्वर पुढच्या शब्दाच्या पहिल्या स्वरात मिसळतो, म्हणून थोड्या मात्रांत बरेच शब्द मावतात. इंग्रजीत गायक अक्षरं गिळतो. इथे जवळपास प्रत्येक अक्षर वाजतं, ताशाच्या काडीसारखं.

गल्लीचं म्हणाल तर प्रत्येक शहराने त्या मोकळ्या जागेत आपापलं सामान भरलं. कॅडिलॅक्सचं 'मातादोर' (१९९३) कार्निव्हलच्या ढोलांनी सुरू होतं, रेगेचं नावही काढत नाही, पण अंगात तीच डुलकी आहे. माल्दिता वेसिनदादच्या 'एल सिर्को' (१९९१) अल्बममधलं 'कुम्बाला' जुन्या नाचघरातल्या संथ दान्सोनकडे (क्यूबातून आलेल्या नाचाच्या संगीताकडे) झुकतं. त्यातला सॅक्सोफोन ऐकाच. अर्जेंटिनात हे सगळं एवढं फोफावायला एक राजकीय कारणही झालं: १९८२च्या ब्रिटनविरुद्धच्या फॉकलंड युद्धात लष्करी सरकारने रेडिओवर इंग्रजी गाणी बंद केली आणि स्पॅनिश रॉकला अचानक मैदान मोकळं मिळालं.

ऐकायचा क्रम असा ठेवा. आधी शुद्ध रेगे, म्हणजे 'खाली'ची मात्रा कुठे आहे ते कानाला कळेल: ब्युनोस आयर्सचे लॉस पेरिकोस, किंवा पोर्तो रिकोच्या कुल्तुरा प्रोफेतिकाचा १९९८चा पहिला अल्बम, जो जमैकातल्या किंग्स्टनच्या टफ गाँग स्टुडिओत रेकॉर्ड झाला. मग 'कुम्बाला', मग 'मातादोर', आणि शेवटी फ्रान्सचा गायक मानू चाओचं 'क्लांदेस्तिनो' (१९९८). ते फार हलक्या हाताचं आहे. आधी ऐकलंत तर एवढंच होय, असं वाटेल.

फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. बास गिटारच्या सर्वात जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो आणि फोन तो देऊच शकत नाही. रेगेत चाल बास सांभाळतो, तोच गेला तर उरते नुसती गिटारची चिकचिक. मग लोक म्हणतात, 'सगळी गाणी सारखीच.' साधे वायरवाले इअरफोनही चालतील.

सुरुवातीला हमखास होणारी चूक म्हणजे गिटारच्या कॉर्डलाच सम समजणं. मग सगळं उलटं आणि लंगडं वाटतं. उपाय: पायाने फक्त ५ धरा, टाळ्या वाजवू नका, दोन-तीन मिनिटं.

गिटार वाजवत असाल तर सहाही तारा छेडू नका. वरच्या तीन बारीक तारा, खाली जाणारा एकच फटका, आणि आवाज निघताक्षणी डाव्या हाताचा दाब सैल. तार सोडायची नाही, फक्त दाब. रॉकवाल्यांची खोड म्हणजे डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज खरखरीत करणारं पेडल) सुरूच ठेवणं. त्याने कॉर्ड लांबतो, ५ वरच्या ठोक्यावर सांडतो आणि बासला झाकतो. कडव्यात स्वच्छ आवाज, ध्रुपदाला पेडल.

शब्दांचे अर्थ तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यानंतर शोधा, पण शोधाच. 'मातादोर'वर लग्नात नाचतात, आणि ते गाणं आहे वस्तीत घेरल्या गेलेल्या, पाठलाग होत असलेल्या माणसाचं. त्यात बिक्तोर हाराचं नाव येतं, १९७३च्या लष्करी उठावानंतर चिलीत मारला गेलेला गायक.