कोकणातली बंद घरं: फोटो काढण्याआधी किल्ली कुणाकडे आहे ते विचारा

प्रश्न: पुण्याहून गाडीने कोकणात जाताना ओसाड पडलेली जुनी कौलारू घरं दिसतात. त्यांचे आणि आसपासच्या परिसराचे फोटो काढायचे आहेत. कुठला रस्ता धरावा, कधी जावं, आत शिरावं का?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातल्या 'ओसाड' या शब्दापासूनच सुरुवात करतो, कारण मीही तिथेच फसलो होतो.

राजापूर तालुक्यातली एक वाडी. जानेवारीतली सकाळ. जांभ्याच्या चिऱ्यांचं घर, दाराला कुलूप, खळ्यात गुडघाभर गवत. मी गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) उडी मारून आत गेलो, ट्रायपॉड लावला. दहा मिनिटांत शेजारच्या घरातून एक आजी आल्या. "कोण हो? कुणाकडे आलात?" फोटो काढतोय म्हटल्यावर त्यांचा दुसरा प्रश्न: "जमिनीचे एजंट काय?" हा संशय फुकटचा नाही. तिकडे अनोळखी माणूस घराचे नि बागेचे फोटो काढायला लागला की त्यामागून बऱ्याचदा खरेदीखत येतं.

कॅमेरा बंद केला, नाव-गाव सांगितलं, आजोबांचं गाव सांगितलं (ते विचारतातच), त्यांच्या ओटीवर बसून चहा घेतला. मग आजींनीच खुंटीवरची किल्ली काढली. त्या घरात दर सोमवारी दिवा लावायचं काम त्यांच्याकडे होतं. आत माजघरात अंधार, छपरात एकच काचेचं कौल आणि त्यातून उतरलेली उजेडाची तिरीप. खाली गणपतीची मंडपी, म्हणजे मूर्तीच्या वर बांधायची चौकट, तशीच टांगलेली, सिंधुदुर्गात हिला माटवी म्हणतात. तिला बांधलेली कवंडळं (रानफळं) सुकून काळी पडली होती. म्हणजे सप्टेंबरात त्या घरात चाळीस माणसं जेवली होती, आणि मी त्याला ओसाड म्हणत होतो. बाहेरून काढलेले, ज्यांच्यासाठी उडी मारली ते फोटो मी पुढे कधी वापरले नाहीत.

कोकणातली बरीच घरं अशीच असतात. माणसं आधी मुंबईच्या गिरणगावात गेली, आता विरार-नालासोपारा-डोंबिवलीला. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यामुळे विकता येत नाही आणि एकट्याने खर्च करायला कुणी पुढे येत नाही. तरी गणपतीला आणि शिमग्याला दार उघडतं. हे ओळखायच्या खुणा आहेत: कुलूप गंजलेलं आहे की तेल दिलेलं, तुळस हिरवी आहे का, पडवीला पावसाआधी झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधले होते का, विजेचा मीटर जागेवर आहे का. खुणा दिसोत न दिसोत, 'किल्ली कुणाकडे असते हो?' हे शेजारी विचारायचंच. मुंबईतल्या मालकाचा नंबर मिळतो, आणि फोनवर शक्यतो कुणी नाही म्हणत नाही. फोटो पाठवा म्हणतात. पाठवायचे.

घर खरोखरच सोडलेलं असेल तर मी आत जात नाही, दारातून काढतो. ही घरं कशी पडतात ते लक्षात घ्या. वानरं कौलं फोडतात, पावसाआधी कुणी शाकारणी (कौलांची डागडुजी) करत नाही, पाणी वाशांत मुरतं, वाळवी लागते, आढं (छपराच्या माथ्याचं लाकूड) वाकतं. चिऱ्याची भिंत तग धरते, मातीची दोन-तीन पावसात विरघळते. आढ्याची रेघ मध्ये खचलेली दिसली तर त्याखाली उभं राहायचं नाही. गवतात बिनकठड्याची विहीर असू शकते, आणि दगडांत फुरसं, हा विषारी साप. चपलांवर फिरू नका, बूट घाला.

पडलेलं कौल दिसलं तर उलटून मात्र पाहा, काठीने. मंगळुरी कौलांवर कारखान्याचं नाव ठशात असतं. मंगळुरात बासेल मिशनने 1865 मध्ये पहिला कारखाना काढला आणि ही कौलं किनाऱ्याने वर पसरली. त्या अक्षरांचा जवळून काढलेला फोटो कधीकधी अख्ख्या घराच्या फोटोपेक्षा जास्त सांगतो. कौल परत तिथेच ठेवा. कोरीव दारं आणि सागवानी खांब उचलून नेणारे फिरत असतात, म्हणून मी फोटोबरोबर वाडीचं नाव टाकत नाही, फोनमधलं लोकेशनही बंद ठेवतो.

रस्ता म्हणाल तर मुंबई-गोवा हायवे सोडा, खाडीकाठाने जा. दाभोळहून फेरीबोटीत गाडी घालून धोपावे, मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, पुढे तवसाळ-जयगड ही दुसरी फेरी. रत्नागिरीच्या खाली पावस, कशेळी, आडिवरे, जैतापूर. आंबा घाट किंवा अणुस्कुऱ्याने परत वर. तीन दिवस तरी हवेत.

उजेडाचं गणित इथे वेगळं आहे. घरं खोलगट जागी, माड-पोफळींच्या सावलीत. उन्हात सगळ्या भिंतीवर ठिपके पडतात, म्हणून घरांसाठी ढगाळ दिवस बरा. ओला जांभा तर काय लाल दिसतो! ऑटो व्हाइट बॅलन्स तो लाल मारून टाकतो, तेव्हा रॉ फॉरमॅटमध्ये काढा. ऊन सड्यासाठी, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारासाठी, राखून ठेवा. सप्टेंबरात कातळावर फुलं असतात, ऑक्टोबरात खालची भातं पिवळी पडतात. कशेळीच्या सड्यावर हत्तीचं भलंमोठं कातळशिल्प आहे. तिरप्या उन्हात त्याच्या रेघा उठतात, दुपारी काही दिसत नाही. जुलैत जाऊ नका असं नाही म्हणणार, पण निम्मा वेळ लेन्स पुसण्यात जाईल. एसी गाडीतून कॅमेरा काढला की पंधरा-वीस मिनिटं धुरकटच राहतो.

आणि गाडी वळणावर लावू नका. संध्याकाळचा चांगला उजेड आणि मुक्कामाची एसटी यांची वेळ साधारण एकच असते.