कर्करोग टाळायला गावात रोजच्या कोणत्या सवयी बदलाव्या?

विदर्भातल्या खेड्यात पहिली सवय सोडायची ती खर्र्याची, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या मिश्रणाची. बाकी सगळं त्यानंतर.

"तंबाखू कमी टाकून घोटतो" म्हणून धोका टळत नाही, कारण नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे. चुन्यानं गालाची आतली कातडी सोलते, सुपारीनं ती ताठ होत जाते. आधी तिखट झोंबतं, मग तोंड उघडेनासं होतं. आजच आरशासमोर आपलीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा वा तोंड आल्यासारखी जखम दोन आठवड्यांत बरी होत नसेल, तर दाताच्या डॉक्टरांकडे जाच. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ सोप (बडीशेप) चघळा, पाणी प्या. खर्र्याची पन्नी खिशात ठेवूच नका. सुटत नसेल तर १८००-११-२३५६ वर मोफत सल्ला मिळतो.

दारू, बिडीही बंदच. तिशीनंतर उपकेंद्रात तोंडाची, बायकांनी स्तन आणि गर्भाशयमुखाचीही तपासणी करून घ्यावी. मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्हीची लस नक्की द्या.