विरुद्ध मताच्या माणसाशी बोलताना आधी त्याचा पूर्वपक्ष मांडा

तुम्ही विचारलंय, 'वडिलांची आणि माझी राजकीय मतं अगदी विरुद्ध आहेत, रोज जेवताना भांडण होतं. बोलणं सोडून द्यावं का?' सोडू नका. मी चार महिने सोडून पाहिलंय. माझ्या बाबतीत वडिलांच्या जागी मामा होता.

१३ मे २०२४ला पुण्यात लोकसभेचं मतदान झालं. मत देऊन मी कोथरूडला मामाकडे जेवायला गेलो. आमरसाच्या वाट्या भरून ठेवल्या होत्या. विषय निघाला, आवाज चढले आणि मी मामाला म्हणालो, "तुला स्वतःचं मत आहेच कुठे? तू आलेले फॉरवर्ड वाचतोस." मामी काही न बोलता आत गेली. ज्याच्या खांद्यावर बसून मी लक्ष्मी रोडची विसर्जन मिरवणूक पाहिली, त्या माणसाशी मी गणपतीपर्यंत बोललो नाही. मधल्या काळात, जूनमध्ये, मामीचं डायलिसिस सुरू झालं. ते मला आईकडून कळलं. त्याची खंत अजून जात नाही.

त्या काळात मला आजोबांची एक गोष्ट आठवली. ते संस्कृत शिकवायचे. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत, हे त्यांनी लहानपणी समजावलं होतं: वाद, जल्प आणि वितंडा. वाद खरं काय ते शोधण्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडेत स्वतःची बाजूच नसते, फक्त समोरच्याचं खोडायचं असतं. आपण आज 'वाद घालू नकोस' म्हणतो तेव्हा आपल्या मनात असतो तो जल्प. शास्त्रग्रंथांची पद्धत अशी, की आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं पूर्ण ताकदीनं मांडायचं आणि मग आपला उत्तरपक्ष. मी मामाचा पूर्वपक्ष कधीच मांडला नव्हता. मला तो माहीतच नव्हता.

गणपतीत मामीनं बोलावलं म्हणून गेलो. आरती झाली, मोदक झाले आणि मामानंच वेताळ टेकडीचा विषय काढला. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगानं रस्ता काढायचा, लॉ कॉलेज रोडवरचा ताण कमी करायचा, असा महापालिकेचा जुना प्रस्ताव आहे. मी विरोधात आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये टेकडीसाठी मोर्चा निघाला त्यात मी होतो. मामाला रस्ता हवाय. या वेळी मी म्हणालो, "थांब, आधी तुझं म्हणणं मी सांगतो. चुकलं तर सांग."

"तुला विकास हवा, त्यात झाडं गेली तरी चालतील."

"कोण म्हणालं? झाडं गेलेली मला मुळीच चालत नाहीत."

"बरं. तुला वाहतुकीची कोंडी सुटायला हवी."

"कोंडी नाही रे," तो म्हणाला, "तुझी मामी."

आठवड्यातून तीनदा तो मामीला डायलिसिससाठी रिक्षानं सेनापती बापट रस्त्याकडे नेतो. पुढच्या मंगळवारी मी सोबत गेलो. जाताना ठीक होतं. चार तासांनी परत निघालो तेव्हा मामीचा चेहरा पांढरा पडला होता. हाताला जिथे सुया टोचतात तिथे पट्टी, आणि त्या पट्टीवर मामानं आपला अंगठा हलकेच धरून ठेवलेला. लॉ कॉलेज रोडला रिक्षा थांबली की मामी डोळे मिटायची, हलली की उघडायची. प्रत्येक गतिरोधकाआधी मामा रिक्षावाल्याला म्हणायचा, "हळू, दादा." नळस्टॉप येईपर्यंत आम्ही तिघं एक शब्द बोललो नाही. 'रस्ता हवा म्हणणारे सगळे बिल्डरांच्या बाजूचे' असं मी किती ठिकाणी बोललो होतो!

माझं मत बदललं का? नाही. मला अजूनही तो रस्ता नको आहे. पण आता मी 'रस्ता नको' एवढं म्हणून थांबू शकत नाही, कोथरूडच्या पेशंटनं वेळेत कसं पोचायचं हेही मला सांगावं लागतं. मग एका रविवारी मामा माझ्याबरोबर टेकडीवर आला. खाणीतल्या पाण्याकडे बराच वेळ पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "इथून रस्ता न्यायचा म्हणजे काय, ते मला नकाशावर कळत नव्हतं." त्याचंही मत बदललेलं नाही. पण घराजवळ डायलिसिसची सोय झाली, लॉ कॉलेज रोडवर बस आणि रुग्णवाहिकांना वाट मिळाली, तर आपला आग्रह कमी होईल असं तो म्हणतो. मे महिन्यात आमच्यात एवढंही बोलणं शक्य नव्हतं.

तुमच्यासाठी आणखी काही. फॅमिली ग्रुपवर उत्तर देऊ नका. वीस माणसं वाचत असताना कुणीही माघार घेत नाही, मान राखायला तो जास्तच ताणतो. टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते, रात्री-रात्री वाद घालायचे आणि मित्र राहिले. पुढे 'केसरी' आणि १८८८ पासून 'सुधारक' यांतून सगळ्या गावासमोर वाद सुरू झाला तेव्हा मात्र कडवटपणा फार वाढला. तत्त्वाचे मतभेद खरेच होते, पण चारचौघांत एकमेकांना उत्तर देत राहिलं की जुना स्नेहही टिकत नाही, असं मला वाटतं.

आणि एक मर्यादा मी ठेवली आहे. एखाद्या जातीच्या किंवा धर्माच्या माणसांना हाकला, मारा असं कुणी बोलू लागलं, की मी पूर्वपक्ष मांडत बसत नाही. "मामा, हे मला ऐकवत नाही" एवढंच म्हणतो आणि उठतो. दोनदा उठलो. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच विषय बदलला.

वडिलांशी सुरुवात जेवणाच्या ताटावर करू नका. संध्याकाळी दोघंच फिरायला जा. पक्ष आणि नेते बाजूला ठेवून एकच गोष्ट घ्या, जी दोघांच्या डोळ्यांसमोर आहे: तुमच्या गल्लीतलं पाणी, बस, दवाखाना, शाळेची फी. "बाबा, तुमचं म्हणणं असं आहे का?" असं विचारून त्यांचं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगा. ते "नाही, तसं नाही" म्हणाले तर पुन्हा सांगा. "हो, हेच" असं त्यांच्या तोंडून येईपर्यंत स्वतःचं सुरू करू नका. पहिल्या दिवशी तेवढ्यातच घरी यायची वेळ होईल, होऊ द्या.