बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर बाजार आणि कलाकेंद्र उभं करणं कुठे खरोखर जमलं आहे का?

जमलं आहे. कॅनडात व्हँकूवरला राहायला आल्यापासून मी ज्या बाजारातून भाजी-मासळी आणतो, ते ग्रॅनव्हिल आयलंड हेच त्याचं उत्तर आहे.

१९१६च्या सुमारास खाडीतला गाळ उपसून, भराव घालून ही जमीन तयार केली. मग तिथे पत्र्याच्या शेडमध्ये दोरखंड, साखळ्या, करवती बनवणारे कारखाने आले. दुसऱ्या महायुद्धानंतर धंदे मंदावले, काही आगीत गेले. १९७०च्या दशकात केंद्र सरकारने जागेचा कायापालट करायचं ठरवलं, व्हँकूवरचे खासदार आणि मंत्री रॉन बॅसफर्ड यांनी ते लावून धरलं, आणि १९७९ साली सार्वजनिक बाजार सुरू झाला.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की सगळं पाडून नवं बांधलं नाही. जुन्याच शेड दुरुस्त केल्या. त्यांत आज फळवाले, बेकऱ्या, कुंभारकाम, काचकाम, नाट्यगृहं आहेत. एमिली कार कला महाविद्यालयही १९८०पासून २०१७पर्यंत तिथेच होतं. रस्त्याला फुटपाथ जवळजवळ नाहीतच; माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर, त्यामुळे गाडीवाल्याला हळूच जावं लागतं. आणि १९१७पासूनचा काँक्रीटचा कारखाना अजून सुरू आहे! २०१४ साली ब्राझीलच्या ओस जेमिओस या भावांनी त्याच्या उंच सायलोंवर, म्हणजे माल साठवायच्या टाक्यांवर, प्रचंड माणसं रंगवली. शेजारी मुलं खेळतात आणि काँक्रीटचे ट्रक ये-जा करतात.

हे टिकलं, कारण जमीन आजही सरकारच्या मालकीची आहे. गाळे भाड्याने जातात, विकले जात नाहीत, आणि साखळी दुकानांपेक्षा स्थानिक व्यावसायिकाला प्राधान्य मिळतं. आपल्या गिरणगावात नेमकं उलट झालं. १९९१च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागांना, एक सार्वजनिक घरांना आणि एक मालकाला मिळायचा होता. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि तिथे मॉल आणि टॉवर आले. याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या गावात असा प्रस्ताव आला असेल तर आराखड्यातली चित्रं नंतर बघा. आधी विचारा, जमीन कोणाच्या नावावर राहणार आणि गाळ्याचं भाडं कोण ठरवणार. तिथे काम केलेल्या कामगारांच्या मुलांना ते भाडं परवडणार का, हेही विचारा.