खोक्यावरचा आकडा नंतर, आधी बोर्डाचं मॅन्युअल

प्रश्न : ताई, माझा गेमिंग पीसी पाच वर्षांचा आहे. बी४५० मदरबोर्ड, रायझन ५ ३६००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर आणि ७२०० आरपीएमची १ टीबी हार्ड डिस्क. मला बाल्डर्स गेट ३ हा गेम घ्यायचा आहे. त्याला १५० जीबी जागा लागते आणि एसएसडी हवीच, असं लिहिलंय. साठवलेल्या पैशांत एकच एसएसडी बसते. ५०० जीबीची वेगवान जेन ४, म्हणजे चौथ्या पिढीची, घेऊ की १ टीबीची साधी? एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, वाढतील का? घरी बसवता येईल का? मी आजवर कॅबिनेट उघडलेलं नाही.

उत्तर : घरी बसवता येईल, अगदी नक्की. पण एफपीएस वाढणार नाहीत, हे आधीच सांगते, म्हणजे नंतर हिरमोड नको. ते काम ग्राफिक्स कार्डाचं आणि प्रोसेसरचं. तुझं कमी होणार आहे ते ताटकळणं. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते, शिवाय हेड सरकायचा वेळ वेगळाच. गेम लोड होताना असे हजारो तुकडे इकडून-तिकडून गोळा करावे लागतात. एसएसडीत डेटा चिपवर असतो, फिरणारं काहीच नाही, तिचं उत्तर एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास येतं. मोठ्या नकाशाच्या गेममध्ये पळताना भिंती क्षणभर धूसर राहतात, मधेच झटका बसतो, त्यातलंही बरंचसं यानेच जातं.

म्हणजे खरी उडी आहे ती हार्ड डिस्क सोडून एसएसडीवर येण्यात. साटा एसएसडी, म्हणजे सहसा हार्ड डिस्कसारखी केबलने जोडायची, सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास वाचते. थेट बोर्डावरच्या स्लॉटमध्ये बसणारी जेन ३ एनव्हीएमई ३,५०० पर्यंत जाते. तरी बहुतेक गेम उघडताना दोघींत काही सेकंदांचाच फरक पडतो, कारण दाबून भरलेला डेटा सोडवायला प्रोसेसरला वेळ लागतोच. तुझ्या बोर्डावर एसएसडी बसते तो एम.२ स्लॉट जेन ३ चा आहे. जेन ४ त्यात चालेल, पण जेन ३ च्याच वेगाने. खोक्यावरच्या ७,००० साठी पैसे मोजू नकोस, ते जागेत घाल. १ टीबी घे. विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दिसेल. ती फसवणूक नव्हे, फक्त मोजायची पद्धत वेगळी.

स्वस्तातल्या एसएसडीत मी सगळ्यात आधी बघते ते टीएलसी की क्यूएलसी. टीएलसीत मेमरीच्या एका सेलमध्ये, म्हणजे कप्प्यात, तीन बिट बसतात, क्यूएलसीत चार. दाटी जास्त, म्हणून लिहिणं संथ. कंपन्या मोकळ्या जागेचा थोडा भाग जलद कॅशे, म्हणजे तात्पुरता साठा, म्हणून वापरतात, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मी एकदा गेमचं सगळं फोल्डर, जवळजवळ ३०० जीबी, एका क्यूएलसी ड्राइव्हवर टाकायला घेतलं. सेकंदाला हजार एमबीच्या वर पळणारा आकडा थोड्या वेळाने शंभराखाली आला आणि तिथेच बसला. माझी जुनी हार्ड डिस्क त्याहून बरी चालते! नुसतं खेळायला क्यूएलसी चालते, कारण तिथे वाचणंच जास्त. पण विंडोजही तिच्यावरच ठेवणार असशील, तर थोडे जास्त पैसे गेले तरी टीएलसीच घे. टीबीडब्ल्यूचा, म्हणजे वॉरंटीत एकूण किती टेराबाइट लिहिता येतं त्याचा, आकडाही बघ. १ टीबीला ६०० लिहिलेलं असेल तर मी निर्धास्त असते. डीरॅम, म्हणजे एसएसडीची स्वतःची छोटी रॅम, नसेल तरी एनव्हीएमई घ्यायला हरकत नाही, ती तुझ्या रॅममधला छोटासा भाग उसना घेते. साटा ड्राइव्हला ती सोय नाही.

आता मॅन्युअल. 'एम.२' नावाचं पान काढ आणि कोणता स्लॉट वापरला की कोणता साटा पोर्ट बंद होतो, ते वाच. मी हे वाचलं नव्हतं. नवी एसएसडी बसवली आणि घरचे सगळे फोटो असलेली डिस्क दिसेनाशी झाली. अख्खी संध्याकाळ मी ती डिस्क गेली असंच समजून बसले होते, पोटात गोळा आला होता. शेवटी केबल शेजारच्या पोर्टमध्ये लावली आणि डिस्क परत आली.

बसवताना मेन स्विच बंद कर, वायर काढ, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लाव. एम.२ स्लॉट बहुधा ग्राफिक्स कार्डाखाली लपलेला असतो. कार्ड काढताना मागचे स्क्रू सोडव, स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाब, मगच उचल. खिट्टी न दाबता ओढलंस तर स्लॉट तुटेल. २२८० मापाची एसएसडी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब असते, तेव्हा बोर्डावर ८० च्या भोकात स्क्रू बसायचा पितळी स्टँडऑफ आहे ना ते बघ. नसेल तर तो मदरबोर्डच्या खोक्यातल्या पुडीत असेल. एसएसडी तिरकी, साधारण तीस अंशात, आत सरकव. सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाले पाहिजेत. मग सोडून दिलीस तर ती टोकाशी वर उचललेली राहते, ते बरोबरच आहे. बोटाने हलकेच खाली दाब आणि स्क्रू लाव, टेकला की थांब. वर हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी, असेल तर त्याच्या पॅडवरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा आधी सोल. हा पापुद्रा हमखास राहून जातो.

विंडोज नव्याने टाकताना जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेव, हे विसरू नकोस. ती जोडलेली असेल तर बूटच्या फाइल्स तिच्यावरच जाऊ शकतात, आणि पुढे कधी ती काढलीस की पीसी सुरूच होणार नाही. विंडोज उभं राहिलं की केबल परत जोड, गेमच्या स्टीम अ‍ॅपच्या स्टोरेज सेटिंगमध्ये जुनं फोल्डर दाखव. रोजचे दोन-तीन गेम तिथूनच एसएसडीवर हलव, बाकीचे आहेत तिथे राहू दे. जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नकोस. पुष्कळ गेमचे सेव्ह स्टीमच्या फोल्डरमध्ये नसतात, तुझ्या युजरच्या डॉक्युमेंट्स नाहीतर अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये असतात. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, 'हिडन आयटम्स'वर टिक केल्याशिवाय दिसणार नाही.