चर्चची शिकवण बदलत असेल, तर मुलांना श्रद्धेत कसे वाढवावे?

तुम्ही विचारले आहे की, पोपमहोदय बदलले की शिकवणही बदलते असे दिसत असताना, ती ‘अढळ सत्य’ म्हणून मुलांना कोणत्या तोंडाने शिकवायची. मी कॅथलिक आहे, दोन मुलांची आई आहे, आणि हा प्रश्न आमच्या घरातही अनेकदा निघाला आहे. माझ्या मते झालेले बदल मुलांपासून लपवू नयेत. मात्र काय बदलले आणि काय बदललेले नाही, हे आईवडिलांनी आधी स्वतः नीट समजून घ्यावे.

ख्रिस्तप्रसाद, म्हणजे उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, घेण्यापूर्वीचा उपवास एकेकाळी मध्यरात्रीपासून असे, आज तो एक तासाचा आहे. हा शिस्तीचा नियम आहे, आणि मुलांना तो तसा समजायला जड जात नाही. अवघड जाते ते पुढचे.

माझ्या आजीचे पहिले बाळ बाप्तिस्मा होण्याआधीच गेले. त्या काळच्या नियमानुसार अशा बालकाला चर्चचा अंत्यविधी मिळत नसे, आणि ते ‘लिंबो’त, म्हणजे यातना नसलेल्या पण देवदर्शनाला कायमचे मुकलेल्या अवस्थेत राहते, असे तिला शिकवले गेले होते. लिंबो हा श्रद्धासिद्धान्त म्हणून चर्चने कधीच घोषित केला नव्हता. ते धर्मपंडितांचे शतकानुशतके चालत आलेले मत होते. १९९२ च्या कॅटेकिझमने, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाने, अशा बालकांना देवाच्या दयेवर सोपवले, आणि २००७ मध्ये चर्चच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे असे म्हटले. हे ऐकून माझ्या मुलीने विचारले, “मग पणजीला हे कुणी का नाही सांगितलं?” तिला पटेल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि तसे मी तिला सांगितले. त्या बाळासाठी ती आता रोज प्रार्थना करते.

देहदंडाचा प्रश्न याहून कठीण आहे. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये त्याला वाव होता, १९९७ च्या सुधारित आवृत्तीत तो फार आक्रसला, आणि २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२६७ वा परिच्छेद बदलून देहदंड अस्वीकार्य ठरवला. हा जुन्याच शिकवणीचा विकास आहे की तिच्याशी घेतलेली फारकत, यावर श्रद्धावान अभ्यासकांतही मतभेद आहेत. मला तो विकास वाटतो, कारण माणसाची प्रतिष्ठा गुन्ह्यानेही नष्ट होत नाही हा विचार शुभवर्तमानातच आहे. पण मुलांना सांगताना ‘हे माझे मत आहे’ असे मी आवर्जून म्हणते. संततिनियमनाची कृत्रिम साधने वापरू नयेत, ही १९६८ साली दिलेली शिकवण आजही कायम आहे. ती उद्या बदलेल असे आश्वासन मी मुलांना देत नाही, कारण तसे आश्वासन देणे माझ्या हाती नाही.

याउलट रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत, आपण जो श्रद्धांगीकार (श्रद्धेची जाहीर कबुली) म्हणतो, त्याचा पाया ३२५ सालच्या नायसिया येथील बिशपांच्या परिषदेत घातला गेला. येशू खरा देव आणि खरा मनुष्य आहे, तो मरण पावला आणि पुन्हा उठला, हे सत्य कोणत्याही पोपमहोदयांनी बदललेले नाही. घरातल्या धर्मशिक्षणाचा बहुतेक वेळ मी यावर आणि प्रार्थनेवर देते.

आणखी एक बदल पालक म्हणून मला फार महत्त्वाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकातील पोपमहोदयांनी धर्मस्वातंत्र्याच्या कल्पनेला कडाडून विरोध केला होता. पुढे जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये जाहीर केले की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करता येत नाही. माझा थोरला मुलगा सध्या मिस्सेला येत नाही. त्याला आम्ही बोलावतो, पण ओढून नेत नाही. संध्याकाळची रोजरी (जपमाळेची प्रार्थना) मात्र घरात चालू असते, आणि देवाविषयी त्याला वाद घालायचा असेल तेव्हा मी हातातले काम बाजूला ठेवून त्याच्यासमोर बसते.