छोट्या बायोटेक कंपनीत मुलीला पाठवू का?

प्रश्न : मुलीने एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी केलंय. कॅन्सरवर नवं औषध शोधणाऱ्या नवी मुंबईतल्या पंधरा जणांच्या कंपनीत तिला नोकरी मिळतेय. एका मोठ्या फार्मा कंपनीच्या क्यूसीमध्येही (औषधांचा दर्जा तपासणारा विभाग) निवड झालीय, पगार तिथे जास्त. हे म्हणतात, छोटी कंपनी उद्या बंद पडली तर? – एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, त्यांची भीती खोटी नाही. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या कॅन्सरच्या शंभर औषधांपैकी नव्वदहून अधिक मंजुरीपर्यंत जात नाहीत. मोठ्या कंपनीचं एक औषध पडलं तर बाकीची सांभाळून घेतात. छोटीकडे बहुधा एकच असतं, आणि ते बाजारात येईपर्यंत विक्रीचा एक रुपया येत नाही. बायोटेक कंपन्यांना मदत करणाऱ्या बायरॅक या सरकारी संस्थेच्या ‘बिग’ योजनेतून 50 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. त्यात सुरुवातीचं प्रयोगशाळेतलं काम निघतं, पण चाचण्यांना कोट्यवधी लागतात. चांगलं संशोधन असलेल्या कंपन्याही या मधल्या टप्प्यात अडकतात.

तरी मी तिला जा म्हणेन. आयआयटी मुंबईतून निघालेल्या इम्युनोॲक्ट या कंपनीने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर काम करून कॅन्सरवरची भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती आणली. मंजुरी मिळाली ऑक्टोबर 2023 मध्ये. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी) काढून, त्या कॅन्सरवर हल्ला करतील अशा बदलून त्याला परत द्यायच्या, म्हणजे प्रत्येक रुग्णाची बॅच वेगळी. ती बिघडली तर तो रुग्ण थांबून राहतो. ही जबाबदारी काय असते, ते छोट्या टीममध्ये फार लवकर कळतं.

माझ्या एका विद्यार्थ्याची कंपनी चौदा महिन्यांत बंद पडली, दोन पगार थकले. फार वाईट दिवस होते ते. पुढच्या मुलाखतीत विचारलं, “पेशी मेल्या तर आधी काय तपासाल?” तो उठला आणि इन्क्युबेटरच्या कार्बन डायऑक्साइडपासून मीडियाच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाच्या, बाटलीपर्यंत सगळं फळ्यावर मांडलं. नोकरी मिळाली.

मात्र शैक्षणिक कर्जाचा हप्ता तिच्या पगारावर असेल, तर आधी क्यूसीच. तसं नसेल तर कंपनीला तिनेच स्पष्ट विचारावं : हातात किती महिन्यांचा पैसा आहे? औषध प्राण्यांवरच्या चाचण्यांत आहे की पुढे गेलंय? सेल कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं काम, मी स्वतः करणार का? वर्षभराचाही पैसा नसेल तर थांबावं. आणि ऑफर लेटरमध्ये बाँड आहे का, ते सही करण्याआधी तुम्ही दोघांनी तिच्याबरोबर बसून वाचा.